सोलापूरची रेल्वे नकाशावर पसरताना दाखवायचीय? क्यूजीआयएसमधलं पहिलं ॲनिमेशन, अगदी सुरुवातीपासून

सोलापूरचा इतिहास म्हटलं की आपल्याकडं लिहिणारे लई आहेत, पण रेल्वे कुठनं कुठं कधी आली असं विचारलं की प्रत्येकजण सनांची यादी टाकतो आणि ती यादी वाचून डोळ्यापुढं काहीच उभं राहत नाही. तेच जर नकाशावर वर्ष पुढं सरकतंय आणि रूळ तुकड्यातुकड्यानं येतायत असं दिसलं तर शाळेतल्या पोरालापण कळतं की कुर्डुवाडी जंक्शन का झालं. हे करायला पैसे लागत नाहीत, कोडिंग लागत नाही. क्यूजीआयएस नावाचं नकाशे बनवायचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात २०२० साली आलेल्या ३.१४ व्हर्जनपासून टेम्पोरल कंट्रोलर (म्हणजे तारखेप्रमाणे नकाशा पुढं सरकवणारं साधन) आतच दिलाय, आधी त्यासाठी टाइम मॅनेजर नावाचं वेगळं प्लगइन टाकावं लागायचं. त्यामुळं नेटवर जुने व्हिडिओ बघून ते प्लगइन शोधत बसू नका.

एक गोष्ट आधीच सांगतो. सॉफ्टवेअरचा भाग एका संध्याकाळचा आहे. खरं काम तारखांचं आहे, म्हणजे कुठली तारीख घ्यायची, कशी लिहायची आणि जे माहीत नाही तिथं काय करायचं. म्हणून खाली तारखांवर जास्त लिहिलंय आणि बटणांवर कमी.

आधी टेबल, मग नकाशा

इन्स्टॉल करताना लाँग टर्म रिलीज घ्या, डाउनलोड जीबीच्या घरात आहे तेव्हा मोबाईल डेटावर करू नका. ते उतरेपर्यंत वहीत किंवा शीटमध्ये यादी बनवा. आपल्या भागाची ढोबळ यादी अशी होते: पुण्याहून बार्शी रोडपर्यंत (म्हणजे आजचं कुर्डुवाडी) १८५९, बार्शी रोड ते मोहोळ १८६०, मोहोळ ते सोलापूर पण १८६०च. सोलापूरच्या पुढं काम १८६५ ला सुरू झालं आणि लाईन रायचूरपर्यंत पोचली १८७१ ला. होटगी–गदग मीटरगेज (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) १८८४. मग बार्शी लाईट रेल्वे, आपली लाडकी छोटी गाडी, अडीच फुटी रुळांची: कुर्डुवाडी–बार्शी १८९७, पंढरपूर १९०६, लातूर १९११, आणि पंढरपूरहून पुढं मिरज १९२७.

बघा, एवढ्यातच प्रश्न सुरू होतात. सोलापूर–रायचूरला १८६५ लिहायचं का १८७१? काम सुरू झालं ते साल वेगळं, गाडी धावली ते वेगळं. माझं मत सरळ आहे, एका नकाशात एकच व्याख्या. मी "गाडी सुरू झाली ते साल" घेतो आणि नकाशाच्या कोपऱ्यात तसं लिहितो. हाच घोळ गिरण्यांच्या नकाशात जास्त होतो. सोलापूरची "जुनी मिल" नावाची गिरणी १८७७ ला चालू झाली पण कंपनी त्याच्या आधीच नोंदलेली, त्यामुळं कुठल्या पुस्तकात एक साल आणि कुठल्या पुस्तकात दुसरं दिसतं, आणि दोन्ही बरोबर असतात.

सालं कुठनं काढायची? मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा २० वा खंड सोलापूरचा आहे, १८८४ चा, रेल्वेचे सुरुवातीचे टप्पे त्यात मिळतात, आणि तो नेटवर फुकट वाचता येतो. पण तो १८८४ चा आहे हे लक्षात ठेवा, बार्शी लाईट त्यात कशी असणार. त्यापुढच्यासाठी १९७७ चा महाराष्ट्र शासनाचा सोलापूर गॅझेटिअर बघा.

शीटमध्ये भरताना

आता या ठिकाणी नवीन माणूस हमखास अडकतो म्हणून सावकाश वाचा. एक्सेलला १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळतच नाही. तुम्ही १८६० मधली पूर्ण तारीख टाकली तर ती नुसता मजकूर म्हणून बसते, दिसायला तारीख, आतून अक्षरं. आणि मग क्यूजीआयएसमध्ये आणल्यावर टेम्पोरलच्या यादीत तो कॉलम दिसतच नाही आणि माणूस म्हणतो सॉफ्टवेअर बिघडलंय. उपाय सोपा: तारीख टाकूच नका, फक्त साल टाका, साधा आकडा म्हणून, "सुरू" आणि "बंद" अशा दोन कॉलमात. कॉलमची नावं मात्र इंग्रजी अक्षरात, छोटी, मध्ये स्पेस न देता. पूर्ण तारखा पुढं क्यूजीआयएसकडूनच बनवून घेऊ.

आणि आकडे इंग्रजीच टाइप करा बरं का. मराठी कीबोर्डवरनं १८६० असं टाइप केलं तर कॉम्प्युटरच्या लेखी तो आकडा नाही, अक्षरं आहेत. गावांची नावं खुशाल मराठीत ठेवा, फक्त फाईल सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-८ हा प्रकार निवडा, नाहीतर मोहोळच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. गुगल शीट वापरत असाल तर डाउनलोड आपोआप यूटीएफ-८ मध्येच होतं.

अजून दोन कॉलम ठेवा. एक "आधार", कुठं वाचलं ते. दुसरा "अचूकता", म्हणजे नुसतं साल माहीत आहे, का महिना, का दिवससुद्धा. हा दुसरा कॉलम कोणी ठेवत नाही आणि नंतर पस्तावतात, कारण सॉफ्टवेअरला दिवस-महिना लागतोच, आपण १ जानेवारी टाकतो, आणि दोन वर्षांनी तीच फाईल उघडून आपणच समजतो की खरंच १ जानेवारीला उद्घाटन झालेलं होतं.

"बंद" कॉलम रिकामा असेल तर चालतं. रिकामा म्हणजे अजून चालू आहे असंच क्यूजीआयएस धरतं. ९९९९ वगैरे टाकायची गरज नाही.

स्टेशनं आणि रूळ नकाशावर आणणं

क्यूजीआयएस उघडा, डावीकडच्या ब्राउझरमध्ये एक्सवायझेड टाइल्स खाली ओपनस्ट्रीटमॅप असतं, त्यावर डबल क्लिक, जगाचा नकाशा आला. सोलापूर शोधून झूम करा.

स्टेशनं म्हणजे बिंदू, ती सीएसव्हीतनं येतील. नकाशावर राइट क्लिक करून कोऑर्डिनेट कॉपी करता येतात, ते शीटमध्ये टाका, मग लेयर मेन्यूतनं ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर. एक्सच्या जागी रेखांश, वायच्या जागी अक्षांश. उलटं केलं की सोलापूर (साधारण १७.६६ उत्तर, ७५.९ पूर्व) उठून थेट नॉर्वेच्या वर, स्वालबार्ड बेटांच्या खालच्या थंड समुद्रात जाऊन बसतं. नकाशावर तुमची गावं दिसत नसतील तर आधी तिथं जाऊन बघा, बहुतेक सगळी तिथंच सापडतील.

रूळ म्हणजे रेषा. त्यासाठी नवीन जिओपॅकेज लेयर बनवा (लेयर म्हणजे नकाशावरचा एक थर, जिओपॅकेज म्हणजे तो साठवायची फाईल), प्रकार लाइनस्ट्रिंग म्हणजे रेषा, सीआरएस ईपीएसजी ४३२६, म्हणजे साधे अक्षांश-रेखांश. शेपफाईल घेऊ नका, सगळीकडं तीच सांगतात पण तिच्यात कॉलमचं नाव १० अक्षरांच्या वर जात नाही आणि एका लेयरला चार-पाच फायली सांभाळाव्या लागतात, त्यातली एक मित्राला पाठवायची राहिली की संपलं. लेयरमध्ये नाव, सुरू, बंद, गेज, आधार, अचूकता असे कॉलम द्या (सुरू-बंद पूर्णांक म्हणून) आणि एडिट मोड चालू करून एकेक तुकडा काढा. स्नॅपिंग चालू ठेवा म्हणजे तुकडे कुर्डुवाडीला, होटगीला नीट चिकटतील, नाहीतर झूम केल्यावर फटी दिसतात. लई तुकडे काढायचा कंटाळा असेल तर क्विकओएसएम प्लगइननं आजचे रूळ उतरवून घ्या आणि स्प्लिट फीचर्सनं तोडा.

पण थांबा, आजचे रूळ म्हणजे १८६० चे रूळ नव्हेत. उजनी धरण १९८० ला झालं आणि त्याच्या पाण्यामुळं भिगवण–डिकसळ भागात लाईन हलवावी लागली. भीमेवरचा डिकसळचा जुना पूल मूळ रेल्वेचाच, नंतर त्यावरनं गाड्या-ट्रॅक्टर जायला लागले. बार्शी लाईटचंही तसंच, ब्रॉडगेज करताना ती धाराशिव शहराजवळनं वळवली, जुनी छोटी गाडी तिकडनं जात नव्हती. म्हणजे आजची रेषा कॉपी करून तिला १९११ चं साल दिलं तर तुमच्या ॲनिमेशनमध्ये धाराशिवला शंभर वर्षं आधीच रेल्वे येते! जिल्ह्याच्या स्केलला डिकसळचा फरक डोळ्याला फार दिसणार नाही, पण धाराशिवचा दिसतो आणि तिथला माणूस पकडणारच.

म्हणून जुना नकाशा लागतो. टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीनं अमेरिकन आर्मी मॅप सर्व्हिसची यू ५०२ मालिका नेटवर ठेवलीय, १९५० च्या दशकातली, १:२,५०,००० स्केलची, त्यात आपल्या भागाच्या शीटा आहेत आणि रेल्वे स्पष्ट आहे. शीट उतरवा, लेयर मेन्यूतला जिओरेफरन्सर, म्हणजे जुना नकाशा खऱ्या जागेवर बसवायचं साधन, उघडा (जुन्या व्हर्जनमध्ये तो रास्टर मेन्यूत होता), जुन्या नकाशावरची जागा आणि आजच्या नकाशावरची तीच जागा अशा जोड्या लावा. जोड्या कशाच्या लावायच्या तर जी गोष्ट हललेली नाही तिच्याच: नकाशावर छापलेल्या अक्षांश-रेखांशांच्या रेघा सगळ्यात बेस्ट, नाहीतर मोठं देऊळ, किल्ला, जुनं जंक्शन. नदीचा काठ घेऊ नका, भीमेचा तर अजिबातच नको, उजनीनं सगळा बदललाय. चारही कोपऱ्यात आणि मध्ये मिळून आठ-दहा जोड्या पुरतात, ट्रान्सफॉर्मेशन पॉलिनॉमियल १ ठेवा. थिन प्लेट स्प्लाइन दिसायला छान बसतं कारण ते प्रत्येक बिंदूवर नकाशा ओढून चिकटवतं, आणि त्यामुळंच तुमची एखादी जोडी चुकली तर ते सांगत नाही. पॉलिनॉमियलमध्ये चुकलेल्या जोडीचा रेसिड्युअल (म्हणजे बिंदू जागेपासून किती लांब पडला ते) मोठा दिसतो, ती काढून टाका, परत लावा.

आता वेळ जोडायची

रेषांचा लेयर निवडा, फील्ड कॅल्क्युलेटर उघडा, नवीन फील्ड, प्रकार डेट. मधल्या यादीत डेट अँड टाइम गट आहे, त्यात मेक डेट नावाचं फंक्शन, त्यावर डबल क्लिक करा आणि कंसात तीन गोष्टी द्या: तुमचा सुरूचा कॉलम, स्वल्पविराम, १, स्वल्पविराम, १. ओके. सगळ्या ओळींना १ जानेवारीच्या खऱ्या तारखा मिळाल्या. बंदसाठीही तसंच, फक्त १२ आणि ३१, आणि ज्या ओळींना बंद रिकामा आहे त्यांची तारीखही रिकामीच राहील, ती तशीच राहू द्या.

लेयरवर डबल क्लिक, प्रॉपर्टीजमध्ये टेम्पोरल, डायनॅमिक टेम्पोरल कंट्रोलला टिक. कॉन्फिगरेशनमध्ये "सेपरेट फील्ड्स फॉर स्टार्ट अँड एंड" निवडा. "सिंगल फील्ड" वालं पण आहे, तिथं ॲक्युम्युलेट फीचर्स ओव्हर टाइम अशी टिक असते म्हणजे एकदा आलेलं पुढंपण दिसत राहतं, नुसत्या रेल्वेला ते पुरलंही असतं, पण पुढं तालुके करायचे असतील तर सुरू-बंदची सवय आत्ताच लावलेली बरी. ओके केल्यावर लेयरच्या नावाशेजारी छोटं घड्याळ दिसलं पाहिजे.

मग वर टूलबारवरचं घड्याळ दाबा, टेम्पोरल कंट्रोलर पॅनल येतं. त्यातलं हिरवं प्ले चिन्ह म्हणजे ॲनिमेटेड मोड. रेंज १ जानेवारी १८५५ ते ३१ डिसेंबर १९३०, स्टेप १ इयर्स. प्ले दाबा.

चाललं? पहिली चार वर्षं काहीच दिसणार नाही, ते मुद्दाम ठेवलंय, बघणाऱ्याला रिकामा नकाशा आणि गावांच्या जागा ओळखायला वेळ मिळतो. वेग पिवळ्या गिअरमधल्या फ्रेम रेटनं बदलतो. सेकंदाला ४ फ्रेम ठेवल्या तर ७६ वर्षं १९ सेकंदात संपतात, मोबाईलवर बघायला एवढंच बरं.

साल पडद्यावर आलंच पाहिजे. व्ह्यू मेन्यू, डेकोरेशन्स, टायटल लेबल, तिथं इन्सर्ट एक्स्प्रेशन दाबा, इयर फंक्शन घ्या आणि त्याच्या कंसात मॅप स्टार्ट टाइम हे व्हेरिएबल टाका, सर्चमध्ये टाइप केलं की सापडतं. अक्षर मोठं, कोपऱ्यात, खाली थोडं पांढरं बॅकग्राउंड. देवनागरी लेबलांना मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी फॉन्ट द्या, आणि रुळावरनं वळत जाणारं कर्व्ह्ड लेबल नको, जुन्या व्हर्जनमध्ये जोडाक्षरं विस्कटतात आणि नव्यातही वाचायला मान वाकडी करावी लागते.

रंगांचं म्हणाल तर सिम्बॉलॉजीत कॅटेगराइज्ड घ्या आणि गेजप्रमाणे जाडी द्या, ब्रॉडगेज जाड, मीटर मध्यम, बार्शी लाईट बारीक. गेज बदललं तर सामान उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावं लागायचं, कुर्डुवाडीचं महत्त्व त्यातच आहे, आणि हे जाडीतनं न सांगता कळतं. ज्यांना अजून हौस आहे त्यांनी रूल-बेस्डमध्ये जाऊन नवीन आलेला तुकडा दोन-तीन वर्षं लाल दाखवावा: मॅप स्टार्ट टाइमच्या सालातनं सुरूचा कॉलम वजा केला आणि उत्तर ३ पेक्षा कमी असलं की लाल, नाहीतर काळा.

सगळेच विचारतात, रेषा सापासारखी हळूहळू पुढं सरकताना दाखवता येते का? येते, जिओमेट्री जनरेटर आणि लाइन सबस्ट्रिंग वापरून. मी करत नाही. सोलापूर–रायचूरचं काम १८६५ ते १८७१ चाललं हे माहीत आहे, पण १८६८ च्या मार्चमध्ये रूळ कुठल्या गावापर्यंत आलेले हे तुम्हाला माहीत असल्याशिवाय ती सरकती रेषा म्हणजे थाप आहे, दिसायला लई भारी पण थापच. टप्पा एकदम उमटू द्या. मोहोळ आणि सोलापूर दोन्ही १८६० ला एकाच फ्रेममध्ये येतात, तेही ठीक आहे.

तालुक्यांच्या सीमा करायच्या असतील तर

रेल्वे जमली की माणूस लगेच जिल्ह्याच्या नकाशाकडं वळतो, आणि सोलापूरचा इतिहास त्या बाबतीत झकास गुंतागुंतीचा आहे. १८३८ ला सोलापूरचा वेगळा कारभार झाला तेव्हा त्यात बार्शी, मोहोळ, माढा, करमाळ्याबरोबर इंडी, हिप्परगी आणि मुद्देबिहाळ पण होते, जे आज कर्नाटकात आहेत. १८६४ ला तो मोडला. १८७१ ला परत जिल्हा जुळवला, त्यात साताऱ्याकडचे पंढरपूर आणि सांगोला आले, १८७५ ला माळशिरस. अक्कलकोट संस्थान १९४८ ला विलीन झालं.

इथं जमीन तीच राहते, ती कुणाची हे बदलतं. म्हणून बार्शीचा एकच पॉलिगॉन (तालुक्याची बंद आकृती) दोन ओळींत लागेल: पहिली १८३८ ते १८६४, दुसरी १८७१ ते रिकामा. ओळ कॉपी-पेस्ट करा, तारखा बदला. मधल्या सात वर्षांत बार्शी नकाशावरनं गायब होईल, आणि बघणाऱ्याला वाटेल गाव पाण्याखाली गेलं का काय. त्यावर उपाय, खाली सगळ्या तालुक्यांचा एक फिकट राखाडी लेयर ठेवा ज्याला टेम्पोरल दिलेलंच नाही, म्हणजे जिल्ह्यात नसलं तरी ते गाव जागेवर दिसतं.

दुसरी अडचण अदलाबदलीच्या वर्षाची. वर्षाची स्टेप असताना एक ओळ वर्षाच्या मध्येच संपते आणि दुसरी तिथंच सुरू होते, मग त्या एका फ्रेममध्ये दोन्ही एकावर एक दिसतात, रंग मिसळतो. टेम्पोरलमध्ये लिमिट्स नावाचा पर्याय आहे, तिथं "इन्क्लूड स्टार्ट, एक्स्क्लूड एंड" केलं तरी वर्षाच्या मधली तारीख असेल तर हे सुटत नाही. मी नकाशा वर्षाचा असेल तर जुनी ओळ आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपवतो आणि खरी तारीख वेगळ्या कॉलमात जपतो.

आणि आजच्या तालुक्यांच्या सीमा म्हणजे १८३८ च्या नव्हेत, गावं इकडची तिकडं गेलीत. नकाशावरच लिहा, "सीमा आजच्या, तालुके त्या काळचे". लहान अक्षरात चालेल, पण लिहा.

बाहेर काढणं

टेम्पोरल पॅनलवरचं सेव्हचं चिन्ह दाबलं की एक्स्पोर्ट ॲनिमेशन येतं. इथनं थेट व्हिडिओ निघत नाही, प्रत्येक वर्षाचा एक पीएनजी निघतो, म्हणून आधी रिकामा फोल्डर करा. फाईलच्या नावात हॅशची चिन्हं असतात तिथं नंबर पडतात, ती पुसू नका. रुंदी १९२० आणि उंची १०८० द्या. बेसमॅप नेटवरचा असेल तर काही फ्रेममध्ये चौकोन अर्धवट येतात, त्यापेक्षा बेसमॅप बंद करून नद्या आणि गावं एवढंच ठेवलं तर नकाशा स्वच्छही दिसतो, आणि १८६० च्या रुळांखाली आजचा हायवे दिसत नाही, जे मला तरी फार खटकतं.

मग केडेनलाइव्ह किंवा ओपनशॉट, दोन्ही फुकट, इमेज सीक्वेन्स म्हणून फोल्डर घ्या, शेवटची फ्रेम तीन-चार सेकंद ताणा कारण लोक तिथंच थांबून आपलं गाव शोधतात, आणि एमपी४ काढा. जिफ हवं असेल तर गिंपमध्ये ओपन ॲज लेयर्स आणि एक्स्पोर्ट करताना ॲज ॲनिमेशनला टिक, पण साइज मोठी होते.

व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो दाबून पाठवला जातो आणि बार्शी लाईटची बारीक रेघ पुसट होते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ओपनस्ट्रीटमॅपचं काहीही वापरलं असेल, बेसमॅप असो नाहीतर उतरवलेले रूळ, त्यांचं नाव नकाशावर टाकणं बंधनकारक आहे. आणि कुणी मूळ फाईल मागितली तर प्रोजेक्ट फाईल आणि जिओपॅकेज दोन्ही एका फोल्डरमध्ये घालून द्या, प्रोजेक्ट फाईलमध्ये नुसते रंग आणि सेटिंग असतं, डेटा सगळा जिओपॅकेजमध्ये.